धातुकनिक्षेपांचे वयोमापन

सोने, तांबे, शिसे, जस्त अशा धातूंचे साठे भूकवचात केव्हा तयार झाले, हे त्यांतील खनिजे, किरणोत्सर्गी समस्थानिके आणि लेशमूलद्रव्ये तपासून ठरवण्याचे शास्त्र. ज्या खडकातून धातू काढणे परवडते त्याला धातुक म्हणतात आणि धातुकाच्या नैसर्गिक साठ्याला निक्षेप. समस्थानिके म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू. लेशमूलद्रव्ये म्हणजे खनिजाच्या रासायनिक सूत्रात ज्यांना जागा नाही, पण स्फटिक वाढत असताना अगदी अल्प प्रमाणात, बहुधा दहा लाख भागांत काही भाग इतकीच, त्यात अडकून राहिलेली मूलद्रव्ये. निक्षेपाचे वय कोटी वर्षांत मोजतात. तो माणसाने केव्हा खणला हा प्रश्न वेगळा. त्याचे उत्तर शतकांत किंवा सहस्रकांत येते आणि त्याची साधनेही वेगळी आहेत.

या शास्त्रातली मुख्य अडचण मराठवाड्यातल्या कोणालाही विहिरीच्या काठावर उभे राहून समजेल. विहीर खणताना काळा पाषाण फोडला की त्याच्या पोकळ्यांत पांढऱ्या-हिरवट गारगोट्या निघतात. त्यांत क्वार्ट्झ असते, कॅल्साइट असते, झिओलाइट आणि अ‍ॅपोफिलाइटही असतात. पाषाण हा थिजलेला लाव्हा. दख्खनचा हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला. गारगोटी त्यानंतरची. खडक थिजल्यावर त्यातून क्षारयुक्त पाणी झिरपत राहिले आणि पोकळ्यांत थरावर थर धरत गेले. दख्खनच्या पाषाणातील काही अ‍ॅपोफिलाइट स्फटिकांचे वय काढले, तेव्हा ते लाव्ह्यापेक्षा काही कोटी वर्षांनी लहान निघाले. तेव्हा पाषाणाचे वय सांगितले म्हणून गारगोटीचे वय सांगितले असे होत नाही. धातूंचे पुष्कळसे निक्षेप याच रीतीने, आधीपासून असलेल्या खडकाच्या भेगांतून उष्ण पाणी फिरून तयार झाले आहेत. भोवतालच्या खडकाचे वय कितीही अचूक काढले, तरी त्यावरून निक्षेप त्याहून जुना नाही एवढेच कळते. धातूबरोबर जन्मलेले खनिज शोधावे लागते, आणि ते खरोखरच बरोबर जन्मले याचा पुरावाही द्यावा लागतो.

तत्त्व सोपे आहे. किरणोत्सर्गी अणू ठरलेल्या गतीने दुसऱ्या मूलद्रव्याच्या अणूत बदलतात. युरेनियम-२३८ निम्मे उरायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात, युरेनियम-२३५ ला सुमारे ७० कोटी, पोटॅशियम-४० ला सुमारे १२५ कोटी. या काळाला अर्धायुकाल म्हणतात. मूळ अणू किती उरले आणि नवे किती साचले हे मोजले की गेलेला काळ मिळतो; अट एवढीच की मधल्या काळात स्फटिकातून काही बाहेर गेले नसावे आणि बाहेरून आत आले नसावे. युरेनियम आणि शिसे यांच्या प्रमाणावरून खनिजांची वये बर्ट्रम बोल्टवुड यांनी १९०७ मध्ये आणि आर्थर होम्स यांनी १९११ मध्ये काढली. समस्थानिकांची कल्पना तेव्हा रुजलेली नव्हती, त्यामुळे ते आकडे ढोबळ होते. आल्फ्रेड नायर यांनी १९३८ पासून वस्तुमान वर्णपटमापकाने, म्हणजे अणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने, शिशाची समस्थानिके वेगवेगळी मोजली आणि तेथून या कामाला अचूकता आली.

वयोमापनासाठी सर्वांत विश्वासू खनिज झिरकॉन. स्फटिक बनताना ते युरेनियम सामावून घेते, पण शिसे जवळजवळ घेत नाही, म्हणून आज त्यात सापडणारे शिसे बहुतेक सगळे आतच तयार झालेले असते. युरेनियमच्या दोन समस्थानिकांमुळे एकाच कणात दोन घड्याळे चालतात आणि ती एकमेकांशी ताडून पाहता येतात. पण झिरकॉन सहसा ग्रॅनाइटसारख्या खडकाचे वय सांगतो, त्या खडकाला पुढे चिरत गेलेल्या धातूच्या शिरेचे नाही. त्यासाठी मॉनॅझाइट, झेनोटाइम, कथिलाचे कॅसिटेराइट किंवा मॉलिब्डेनाइट ही खनिजे अधिक कामाची. मॉलिब्डेनाइट हे स्वतःच धातुक आहे. त्यात ऱ्हेनियम शिरते, ऑस्मियम जवळजवळ शिरत नाही, आणि ऱ्हेनियम-१८७ चे ऑस्मियम-१८७ मध्ये रूपांतर होते. त्याचा अर्धायुकाल सुमारे ४,१६० कोटी वर्षे आहे. मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड येथील तांब्याच्या निक्षेपाचे वय या पद्धतीने सुमारे २४९ कोटी वर्षे ठरले. या खनिजाची एक खोड मात्र लक्षात ठेवावी लागते. कणाच्या आतल्या आत ऱ्हेनियम आणि ऑस्मियम एकमेकांपासून सरकतात, त्यामुळे एकाच ठिपक्यावर लेसर मारून काढलेले वय चुकू शकते. पूर्ण कण दळून, एकजीव करूनच मोजणी करणे योग्य.

मराठवाड्याच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण हट्टीचे आहे. रायचूर जिल्ह्यातील ही सोन्याची खाण आज कर्नाटकात आहे. १९५६ पर्यंत रायचूर आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते, आणि खाण चालवणारी कंपनी १९४७ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिच्या नावातही हैदराबादच होते. तेथील ज्वालामुखीजन्य खडकातल्या झिरकॉनचे वय सुमारे २५९ कोटी वर्षे भरते. सोन्याबरोबर वाढलेल्या मॉनॅझाइटचे वय भरते सुमारे २५५ कोटी. दोन्ही आकडे एकाच खाणीतले आणि दोन्ही बरोबर. मधल्या ४ कोटी वर्षांत खडक दबला, तापला, भेगाळला, आणि मग त्या भेगांतून सोने आले. झिरकॉनवरच थांबलो असतो तर हा मधला इतिहासच हाती लागला नसता.

शिशाचे धातुक गॅलेना याची रीत उलटी आहे. त्यात युरेनियम जवळजवळ नसते, म्हणून घड्याळ चालतच नाही. ते गॅलेना बनला त्या क्षणी थांबलेले असते. पृथ्वीच्या खडकांत युरेनियम व थोरियम यांच्या विघटनातून शिसे-२०६, २०७ आणि २०८ सतत वाढत असतात, शिसे-२०४ तेवढेच राहते. गॅलेनात अडकलेल्या शिशाचे प्रमाण त्या काळच्या प्रमाणाशी जुळवले की निक्षेपाचे अनुमानित वय मिळते. होम्स आणि फ्रिट्झ हाउटरमान्स यांनी १९४६ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हा हिशेब मांडला. आज वापरात असलेले सुधारित प्रारूप १९७५ चे आहे. राजस्थानातील रामपुरा-आगुचा आणि राजपुरा-दरिबा येथील गॅलेनाचे वय या मार्गाने सुमारे १८० कोटी वर्षे आले, जावरचे त्याहून थोडे कमी. पण शिसे कोणत्या खडकातून आले यावर सगळे अवलंबून असते. युरेनियमने समृद्ध अशा जुन्या खडकातून ते गोळा झाले असेल तर हिशेब कोसळतो. अमेरिकेत मिसूरीतील जॉप्लिन भागाच्या गॅलेनाचे वय या हिशेबाने चक्क ऋण येते, म्हणजे निक्षेप अजून तयारच व्हायचा आहे असे दिसते. गॅलेनाच्या अनुमानित वयाला दुसऱ्या खनिजाची साक्ष असल्याशिवाय ते पक्के मानू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लेशमूलद्रव्ये स्वतः वय सांगत नाहीत. ज्या कणाचे वय काढले तो कण कोण, कुठला, कोणाबरोबर वाढला, हे ती सांगतात, आणि आकड्याला अर्थ येतो तो त्यामुळेच. उष्ण पाण्यातून वाढलेल्या मॉनॅझाइटमध्ये थोरियम सहसा कमी असते. ग्रॅनाइटच्या रसातून किंवा तीव्र रूपांतरणातून (उष्णता व दाबाने खडक बदलताना) आलेल्यात जास्त. झिरकॉनमधील टायटॅनियमवरून तो किती तापमानाला स्फटिकला याचा अंदाज येतो. जस्ताच्या स्फॅलेराइटमधील गॅलियम, जर्मेनियम, इंडियम, मँगेनीज आणि लोह यांवरूनही तापमान ताडता येते. लोह-गंधकाच्या पायराइटमध्ये तर एकाच कणात दोन-तीन पिढ्या राहतात. गाभा समुद्रतळाच्या चिखलात वाढलेला आणि त्यावरची कडा कोट्यवधी वर्षांनी उष्ण पाण्यातून बसलेली, असे वारंवार आढळते. गाभ्यात निकेल कोबाल्टपेक्षा जास्त असेल आणि कडेत ते उलटे असेल, तर दोन वेगळ्या घटनांची शंका घ्यायला जागा असते. शंकाच, कारण हे गुणोत्तर भोवतालच्या खडकावरही अवलंबून असते. केसाच्या जाडीएवढा किंवा त्याहून लहान खड्डा लेसरने पाडून त्यातून उडालेला धुरळा वर्णपटमापकात नेला, की कणाचा आडवा छेद ठिपक्या-ठिपक्याने वाचता येतो. सोने आणि आर्सेनिक कडेत असताना पायराइटचा असा संपूर्ण कण विरघळवून वय काढले, तर येणारा आकडा गाभा आणि कडा यांच्या मधला असतो, आणि त्या वेळी प्रत्यक्षात काहीच घडलेले नसते. ‘इतक्या कोटी वर्षांपूर्वीचा साठा’ अशी बातमी वाचताना वाचकाने पहिला प्रश्न विचारावा तो हा, की वय कोणत्या खनिजाचे, आणि त्या खनिजाचा धातूशी संबंध कसा दाखवला?

मराठवाड्याचा बहुतेक भाग लाव्ह्याने झाकलेला असल्याने येथे हा अभ्यास खालच्या खडकापर्यंत पोचल्यावरच सुरू होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने किल्लारी आणि भोवतालची गावे उद्ध्वस्त झाली. त्यानंतर कारणांच्या शोधात किल्लारीला ६१७ मीटर खोल वेधन केले गेले. वरचे ३३८ मीटर काळा पाषाण, त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचे थर, आणि मग धारवाड क्रेटॉनचा, म्हणजे दक्षिण भारतातील अतिप्राचीन, स्थिर भूखंडाचा स्फटिकी पाया. हट्टीचे सोने ज्या प्राचीन भूखंडात आहे त्याचाच हा उत्तरेकडचा, पाषाणाखाली गेलेला भाग. नांदेड जिल्ह्यात देगलूर, बिलोली, मुखेड या बाजूला तोच पाया उघडा पडतो. काळी जमीन संपून गुलाबी-करडा ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म (पट्टेदार रूपांतरित खडक) लागतात ते याचमुळे. खडक जुना आहे एवढ्यावरून त्यात धातू आहे असे अनुमान काढता येत नाही.

खाणकामाचे वय काढायला कार्बन-१४ वापरतात. त्याचा अर्धायुकाल ५,७३० वर्षे, म्हणून तो निक्षेपासाठी निरुपयोगी, पण खाणीत उरलेल्या लाकडासाठी किंवा भट्टीतल्या कोळशासाठी नेमका. हट्टीच्या जुन्या खोल खोदकामातील लाकूड सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे निघाले. म्हणजे सातवाहनांच्या आसपासचा काळ.

सातवाहनांनी शिशाची नाणी मोठ्या प्रमाणावर पाडली. पैठण म्हणजे त्यांचे प्रतिष्ठान आणि तेर म्हणजे तगर, ही दोन्ही ठिकाणे मराठवाड्यातली. गॅलेना वितळवून शिसे काढले तरी त्याच्या समस्थानिकांचे प्रमाण बदलत नाही, त्यामुळे नाण्याचे शिसे कोणत्या निक्षेपाशी जुळते हे तपासता येते. चांदी, अँटिमनी, बिस्मथ यांचे अल्पांश मात्र भट्टीत कमी-जास्त होतात. ते खाणीपेक्षा कारागिराच्या हाताबद्दल अधिक सांगतात. जुनी नाणी मोडून नवी पाडली असतील तर दोन खाणींचे शिसे मिसळते आणि मिळणारे प्रमाण कोणत्याच खाणीचे राहत नाही. अशा तपासणीला काही मिलिग्रॅम धातू पुरतो. त्याहून मोलाची असते ती नाणे कोणत्या पांढरीतून (जुन्या वस्तीच्या टेकाडातून), कोणत्या थरातून निघाले याची नोंद. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयासारख्या संग्रहांतील वस्तूंपैकी ज्यांची अशी नोंद आहे, त्या या अभ्यासासाठी आधी हाती घ्याव्यात.