सांत्वनभेट (कोल्हापूर परिसरातील ख्रिस्ती प्रथा)

सांत्वनभेट : शोक, आजार, कर्ज, घरातील कलह किंवा पुराच्या तडाख्यात सापडलेल्या माणसाकडे मंडळीतर्फे (चर्चच्या सभासदांतर्फे) जाणे, त्याचे ऐकून घेणे, त्याच्यासाठी प्रार्थना करणे आणि त्याच्या घरातील एखादे काम उचलणे, ही ख्रिस्ती मंडळ्यांतील जुनी प्रथा. ती पाळकांपुरती मर्यादित नाही. एल्डर (मंडळीचे वडीलधारे कारभारी), डिकन (मंडळीच्या मदतीचे काम पाहणारे सेवक), महिला मंडळ, तरुण संघ आणि शेजारची साधी विश्वासी माणसेही ती पार पाडतात. पहिल्या आठवड्यात दुःखाचे घर माणसांनी भरलेले असते, दुसऱ्या महिन्यात तेच ओस पडते. या प्रथेचा खरा कस दुसऱ्या महिन्यात लागतो, आणि बहुतेक मंडळ्या तिथेच कमी पडतात.

आधार : बायबलमधील रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायात शोक करणाऱ्यांबरोबर शोक करण्याची आज्ञा आहे, त्यांना समजूत घालण्याची नाही. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसले, तोवर त्यांचे वागणे योग्य होते. तोंड उघडून ते कारणे शोधू लागले तेव्हा बिघडले. मृत मित्र लाजराच्या कबरेकडे निघालेल्या येशूला पुढे लाजर जिवंत होणार हे ठाऊक होते, तरीही तो रडला. लूकच्या 10व्या अध्यायातील, लुटारूंनी जखमी केलेल्या वाटसरूला मदत करणाऱ्या शोमरोन्याच्या दाखल्यात दयेचा क्रम तपशिलाने दिला आहे : जवळ जाणे, जखमांवर तेल व द्राक्षारस घालून पट्ट्या बांधणे, आपल्या जनावरावर बसवणे, उतारशाळेत नेऊन रात्रभर सांभाळणे, दुसऱ्या दिवशी दोन दिनार देणे आणि जास्त खर्च झाल्यास परतताना फेडीन असे सांगणे. यातील शेवटची पायरी, म्हणजे परत येण्याचे आश्वासन, प्रवचनांत बहुधा निसटते. सांत्वनभेटीत मात्र तीच सर्वांत महत्त्वाची.

कोल्हापुरातील पार्श्वभूमी : अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले. पुढे हे काम प्रेसबिटेरियन मिशनकडे गेले. शाळांच्या जोडीने आजाऱ्यांची सेवा हे या मिशनचे मोठे अंग ठरले. डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत उभारलेले रुग्णालय, कोल्हापुरातील मेरी वानलेस रुग्णालय आणि कोडोलीचे मिशन रुग्णालय ही त्याची फळे. वॉर्डात फिरून रुग्णांशी बोलणारे, त्यांची पत्रे लिहून देणारे आणि प्रार्थना करणारे सेवक-सेविका ही मिशन रुग्णालयांतील रीत होती; मराठी मंडळ्यांतील भेटीची शिस्त तिच्याशी मिळतीजुळती आहे.

भेटीची पद्धत : भेटीला दोघांनी जावे. घरात एकटी स्त्री असल्यास दोघांपैकी एक स्त्री असलीच पाहिजे. मृत्यूची बातमी कळताच जाण्यासाठी विचारण्याची गरज नसते. त्यानंतरच्या प्रत्येक भेटीआधी फोन करावा. शिरोलीच्या एमआयडीसीत किंवा उद्यमनगरातील फाउंड्रीत रात्रपाळी करणारा माणूस सकाळी दहाला झोपलेला असतो, आणि दूधवाल्या घरात पहाटे व संध्याकाळी धारेची गडबड असते. वेळ पाळी पाहूनच ठरवावी.

भेट वीस ते तीस मिनिटांची पुरते. मोबाईल आधीच बंद करावा. बसल्यावर पहिली काही मिनिटे काही न बोलता गेली तरी चालते. मग एकच साधा प्रश्न विचारावा : ‘कालची रात्र कशी गेली?’ ‘कसे आहात?’ याला ‘बरं आहे’ एवढेच उत्तर येते, तर रात्रीबद्दल विचारले की झोप, जेवण, भीती आणि औषधे सगळेच पुढे येते. मृत व्यक्तीचे नाव मोठ्याने घ्यावे. रडू येईल म्हणून नाव टाळणाऱ्यांमुळे घरच्यांना आपला माणूस दुसऱ्यांदा पुसला गेल्यासारखे वाटते.

वचन छोटे वाचावे. स्तोत्र 23 किंवा 34 मधील चार-पाच ओळी पुरेत. प्रार्थना दोन मिनिटांहून लांबू नये आणि तीत घरच्यांनी आत्ताच सांगितलेल्या गोष्टी त्यांच्याच शब्दांत याव्यात. प्रार्थनेत उपदेश घुसवणे ही फार जुनी खोड आहे. डोळे मिटलेल्या माणसाला त्यावर उत्तरही देता येत नाही, म्हणून ती टाळलीच पाहिजे. निघताना ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नये. दुःखातला माणूस सांगत नाही, आणि काय लागते हेही त्याला सुचत नाही. त्याऐवजी नेमके बोलावे : ‘बुधवारी संध्याकाळचा डबा आम्ही आणतो’, ‘सोमवारी पोरांना शाळेत मी सोडतो’. असे शब्द दिले की पाळलेच पाहिजेत, कारण मोडलेल्या शब्दाने न दिलेल्या मदतीपेक्षा जास्त दुखते.

बोलण्यातील चुका : ‘देवाची इच्छा’, ‘देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात’, ‘निदान दुसरं लेकरू तरी आहे’, ‘विश्वास कमी पडला’ ही वाक्ये घरोघर ऐकू येतात. ती दुष्टपणाने बोलली जात नाहीत. समोरच्याचे रडणे पाहून भेटीला आलेल्याला अवघडल्यासारखे होते, आणि ते अवघडलेपण संपवायला तो काहीतरी स्पष्टीकरण देऊन मोकळा होतो. ओझे मात्र शोक करणाऱ्यावर पडते : आता त्याला दुःखही करायचे नाही आणि देवावर रागही धरायचा नाही. देवावरचा राग ऐकू आला तर त्याचे खंडन करू नये. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे तक्रारीनेच भरलेली आहेत आणि ती उपासनेत गायली जातात. स्वतःच्या घरातील मृत्यूची हकिकत सांगणे ही दुसरी चूक. तुलना केली की लक्ष आपल्याकडे वळते.

भावकीचे काम : नव्याने विश्वासात आलेल्या कुटुंबाला पुष्कळदा भावकीने तोडलेले असते. अशा घरात मृत्यू झाला तर खांदा द्यायला, स्वयंपाक करायला, बाहेरगावच्या पाहुण्यांना झोपवायला कोणी नसते. तेथे भावकीची सगळी कामे मंडळीने करायची असतात. शवपेटी ठरवणे, दफनभूमीत खड्डा खणून घेणे, मंडप, पाणी, रुग्णालयातून देह आणण्याची गाडी ही कामे नावे घालून वाटून द्यावीत. जून ते सप्टेंबरात खड्ड्यात पाणी साचते आणि कडा ढासळतात. म्हणून खणण्याचे काम दफनाच्या फार आधी करू नये, वर ताडपत्री बांधावी आणि पाणी उपसायला बादल्या तयार ठेवाव्यात. घरच्यांना याची काळजी करावी लागणे ही मंडळीची नामुष्की होय.

पहिल्या काही दिवसांत घरात चूल पेटवायला कोणाला सुचत नाही. भाकरी, पिठले, मऊ भात, मुगाचे वरण असे साधे अन्न पाठवावे. कोणी कोणत्या दिवशी द्यायचे याची यादी महिला मंडळाने करावी, नाहीतर एका दिवशी पाच घरांचे डबे येतात आणि चौथ्या दिवसापासून एकही येत नाही. रिकामा डबा परत मागू नये. पुढच्या फेरीत आपणच आणावा.

कागदपत्रे : शोकाच्या धुक्यात कागद हरवतात, म्हणून इथली मदत फार मोलाची ठरते. मृत्यूची नोंद 21 दिवसांत महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत व्हावी लागते. रुग्णालयात मृत्यू झाल्यास डॉक्टर कारणाचे प्रमाणपत्र नमुना 4 मध्ये, तर घरी झाल्यास उपचार करणारे डॉक्टर नमुना 4अ मध्ये देतात. नोंद करतानाच नाव आधारकार्डाप्रमाणे आहे का हे तपासावे. एका अक्षराच्या फरकाने बँक, विमा आणि भविष्य निर्वाह निधी ही तिन्ही कामे अडतात. प्रमाणपत्राच्या पाच-सहा प्रती घ्याव्यात. साखर कारखान्याचा शेअर, सेवा सोसायटीचे कर्ज आणि दूध संस्थेचे खाते या गोष्टी कोल्हापूर जिल्ह्यात पुष्कळ घरांत असतात आणि बायकांना त्यांची माहिती क्वचितच असते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील 18 ते 59 वर्षांची कमावती व्यक्ती गेल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच 20,000 रुपये मिळतात. निराधार विधवेसाठी संजय गांधी निराधार योजना आहे. दोन्हींचे अर्ज तहसील कार्यालयात करतात. तिच्यासोबत कार्यालयात जाऊन रांगेत उभे राहणे ही सांत्वनभेटच आहे.

पुढचे महिने : मंडळीच्या वहीत मृत्यूची तारीख, मृताचा वाढदिवस, लग्नाची तारीख आणि मुलांच्या परीक्षा लिहून ठेवाव्यात. एका घरामागे पाच-सहा माणसे नेमली की कोणा एकावर भार येत नाही. पहिले सहा आठवडे आठवड्यातून एकदा, नंतर वर्षभर महिन्यातून एकदा भेट द्यावी. पहिला नाताळ विशेष जड जातो : फराळ करावा की नाही, तारा लावावा की नाही, यावर घर गप्प बसते. तेव्हा त्यांना आपल्याकडे जेवायला बोलवावे आणि मध्येच उठून जावेसे वाटले तर जाता येईल असेही आधीच सांगावे. रविवारी उपासनेत नेहमीच्या बाकावर एकटे बसणे विधवेला आणि विधुराला नको होते. कितीतरी जण याच कारणाने यायचे सोडतात आणि मंडळी त्याला विश्वास थंडावणे म्हणते.

रुग्णालयात : छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे सीपीआरमध्ये, जिल्ह्याभरातून आणि शेजारच्या कोकणातूनही रुग्ण येतात. खाटेवरच्यापेक्षा खालच्या सतरंजीवर दिवस काढणाऱ्या नातेवाइकाची अवस्था कधी कधी जास्त वाईट असते. गरम पाण्याचा थर्मास, चादर, मोबाईलचा चार्जर आणि दोन तास त्याच्या जागी बसणारा माणूस ही मदत त्याला हवी असते. वॉर्डात शिरण्याआधी परिचारिकेला विचारावे, हात धुवावेत, खाटेवर बसू नये, दाटीवाटीने सहा जण जाऊ नये. सर्दी-ताप असल्यास जाऊच नये. भाजलेल्या किंवा शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला हात लावण्याआधी परवानगी घ्यावी. डबा पथ्याचा असावा; कांदा-लसूण चटणीची आमटी आजाऱ्याला सोसत नाही.

याकोबाच्या पत्राच्या 5व्या अध्यायाप्रमाणे मंडळीच्या वडिलांनी (एल्डरांनी) तेल लावून प्रार्थना करण्याची रीत आहे. ती रुग्णाच्या इच्छेनेच करावी. प्रार्थना झाली म्हणून औषध बंद करायला सांगणे हा गंभीर अपराध समजला पाहिजे. फिटचे औषध अचानक थांबवल्यास न थांबणारे झटके येऊन जीव जाऊ शकतो, इन्शुलिन थांबवल्यास माणूस बेशुद्धीत जाऊ शकतो आणि मानसिक आजाराचे औषध तोडल्यास आजार उलटू शकतो.

जिवावर उदार झालेला माणूस : कर्ज, व्यसन किंवा नैराश्याने खचलेला माणूस ‘आता बास झालं’ अशा अर्थाचे बोलू लागला, वस्तू वाटू लागला किंवा निरवानिरव करू लागला, तर सरळ विचारावे : ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आले तर त्याला एकटे सोडू नये. शेतकरी घरांत तणनाशक आणि कीटकनाशक घरातच ठेवलेले असते. ते त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी कुलपात न्यावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीत बोलता येते. विष घेतले असेल तर मीठपाणी पाजून ओकारी काढू नये, अंगावर सांडलेले धुवावे, कपडे बदलावेत आणि डबा किंवा बाटली सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. कोणते विष हे कळले की उपचार लवकर होतो. पोलिसांच्या भीतीने लोक रुग्णाला लपवतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, हे घरच्यांना समजावून सांगावे. आत्महत्या झालेल्या घरी कशी केली, चिठ्ठी होती का, हे विचारू नये. दफनविधीत आणि नंतरच्या भेटींत इतर घरांपेक्षा तसूभरही कमी करू नये.

पूर : राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले. पुराच्या मदतीत जुन्या कपड्यांचे ढीग पडतात आणि ते कोणी घालत नाही. कमी पडतात त्या वस्तू वेगळ्याच : नवे अंतर्वस्त्र, सॅनिटरी पॅड, शेगडी, भांडी, गाद्या, गमबूट, खोरी-पाट्या. पाणी ओसरल्यावरचा पहिला आठवडा गाळ काढण्याचा असतो. गाळ ओला असतानाच निघतो. वाळला की दुप्पट कष्ट पडतात. विजेची जोडणी वायरमनने तपासल्याशिवाय घरात शिरू नये. पायाला जखम असलेल्याने गाळात उतरू नये आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची प्रतिबंधक) गोळी आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने घ्यावी. भिजलेली कागदपत्रे उन्हात न टाकता सावलीत सुटी करून वाळवावीत. दावणीला बांधलेली म्हैस बुडालेल्या घराचे दुःख मृत्यूच्या दुःखाइतकेच खरे असते. तिथे नुकसानभरपाईचा आकडा विचारण्याआधी म्हशीबद्दल विचारावे.

अट नसलेली मदत : शेजारी हिंदू, मुस्लिम, जैन, बौद्ध कोणीही असो, भेटीचा क्रम तोच. प्रार्थना करू का, असे एकदा विचारावे. ‘नको’ म्हटल्यास विषय तिथेच संपतो आणि भेटी चालूच राहतात. मदत घेणाऱ्याने उपासनेला यावे अशी सुप्त अपेक्षाही ठेवू नये. अट ठेवली की मैत्री संपून व्यवहार सुरू होतो, आणि गावात त्याचे परिणाम पुढे कैक वर्षे संपूर्ण मंडळीला भोगावे लागतात. पैसे शक्यतो थेट रुग्णालयात किंवा शाळेत भरावेत आणि डिकनांच्या निधीतून द्यावेत. भेटीला जाणाऱ्याने स्वतः उसने देऊ नये, कारण परतफेड न जमलेला माणूस तोंड चुकवू लागतो आणि मैत्रीही जाते.

गुप्तता : ‘यांच्यासाठी प्रार्थना करा’ म्हणत घराची लक्तरे व्हॉट्सॲप गटावर टाकणे हा आजचा सर्वांत मोठा दोष आहे. नाव, आजार, नवरा-बायकोचे भांडण हे काहीही संबंधिताच्या होकाराशिवाय बाहेर जाऊ नये, प्रार्थनासभेतही नाही. याला एक अपवाद आहे : बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास 2012 च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना किंवा बालकांसाठीच्या विशेष पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. अत्याचारी माणूस मंडळीतला असला तरी ते प्रकरण सेशनपुढे (मंडळीच्या कारभारी सभेपुढे) मिटवता येत नाही. जिवाला धोका असल्यासही घरच्यांना व डॉक्टरांना सांगावेच लागते, म्हणून गुप्ततेचे वचन देताना या मर्यादा सुरुवातीलाच सांगून ठेवाव्यात.