साथीच्या काळातील कार्यस्थळ सुरक्षा

माणसाकडून माणसाला लागणाऱ्या विषाणूची साथ चालू असताना कारखाना, कचेरी, गोदाम, दुकान अशा कामाच्या जागी लागण पसरू नये म्हणून केलेली व्यवस्था. तिच्यात रजा, हवा, पाळ्या, मास्क, हात धुणे, साफसफाई असे सगळे येते, पण प्रत्येकाचे वजन सारखे नसते. औद्योगिक सुरक्षेत उपायांची एक उतरंड मानतात: धोका मुळातूनच काढणे सर्वांत वर, मग इमारत व यंत्रांतील बदल, मग कामाच्या पद्धतीतील बदल आणि तळाला अंगावर घालायची साधने. वरच्या पायरीचे उपाय कोणाच्या आठवणीवर किंवा शिस्तीवर अवलंबून नसतात. साथीत मात्र ही उतरंड बहुधा उलटी होते. दारावर ताप मोजायचे यंत्र दुसऱ्याच दिवशी येते आणि रंगाने चिकटून बसलेली खिडकी तशीच राहते.

लागणीची वाट

उपाय ठरतो तो विषाणूच्या वाटेवरून. फ्लू, कोविड-१९, गोवर हे श्वासावाटे पसरतात. खोकताना, बोलताना उडालेले मोठे थेंब एक-दोन मीटरांत खाली बसतात. सूक्ष्म कण कोंदट खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. नोरोव्हायरस हा उलट्या-जुलाबांचा विषाणू हात, अन्न आणि पृष्ठभागांवरून जातो. त्याला मेदाचे वेष्टन नसल्याने अल्कोहोलचे सॅनिटायझर फारसे बाधत नाही. तिथे साबण आणि वाहते पाणीच हवे. कोविडमध्ये दिवसभर टेबले पुसत बसणे आणि नोरोव्हायरसच्या साथीत सॅनिटायझरवर विसंबणे या एकाच चुकीच्या दोन बाजू आहेत.

मार्च २०२० मध्ये सोल शहरातील एका १९ मजली इमारतीत अकराव्या मजल्यावरच्या कॉल सेंटरमध्ये २१६ पैकी ९४ जण बाधित झाले. त्यातले बहुतेक मजल्याच्या एकाच बाजूला बसणारे होते. लिफ्ट आणि लॉबी सगळ्या मजल्यांची एकच होती, तरी संपूर्ण इमारतीत बाधित निघाले ९७. येता-जाता झालेल्या गाठीपेक्षा तासन्‌तास एकाच हवेत बसून बोलणे महागात पडते, हे इतके स्पष्ट क्वचितच दिसते.

आजारी माणूस घरी राहावा यासाठी

सर्वांत परिणामकारक उपाय हिशेबखात्याच्या हातात असतो: पगारी आजारपणाची रजा. खाडा झाला की ज्याचा पैसा बुडतो, तो पॅरासिटामॉल घेऊन कामावर येतो आणि दारावर त्याचे तापमान अगदी ठीक भरते. कोविडमध्ये तर लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस लागण देऊ शकतो, त्यामुळे ताप मोजून सगळे बाधित सापडणे शक्य नसते. साथ असेपर्यंत हजेरी बोनस थांबवावा, पहिल्या काही दिवसांसाठी डॉक्टरच्या दाखल्याची अट काढावी आणि कंत्राटी कामगारांनाही तोच नियम लावावा. एकाच यंत्रावर काम करणाऱ्या दोघांत विषाणू भेद करत नाही.

लक्षणे कामावर असतानाच सुरू झाली, तर त्या माणसाला मास्क देऊन खिडकी असलेल्या वेगळ्या खोलीत बसवावे. त्याला घरी पाठवताना कंपनीची बस वापरू नये. जवळ काम करणाऱ्यांना कळवावे, पण आजाऱ्याचे नाव सांगू नये. नाव फुटले की पुढचा आजारी लक्षणे लपवतो.

हवा

इथे सर्वांत मोठा गैरसमज एसीचा. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो. बाहेरची हवा आत आणत नाही. मोजमाप ‘तासाला हवाबदल’ या एककात करतात, म्हणजे खोलीभर हवा तासात किती वेळा बदलते ते; आणि तासाला किमान ५ हवाबदल हे सर्वसाधारण जागांसाठी मान्य लक्ष्य आहे. ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद, ३ मीटर उंच खोलीत ९० घनमीटर हवा मावते, म्हणजे तासाला ४५० घनमीटर स्वच्छ हवा लागते. ताशी ३०० घनमीटर स्वच्छ हवा देणारे एक एअर प्युरिफायर तिथे अपुरे, दोन पुरेसे. बाधित माणूस निघून गेल्यावर हवेतले ९९ टक्के कण जायला तासाला २ हवाबदलांत १३८ मिनिटे लागतात, ६ मध्ये ४६.

समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या थोड्या उघडणे एकच सताड उघडण्यापेक्षा बरे. एक्झॉस्ट पंखा बसवताना हवा आत येण्याची वाट त्याच्यापासून लांब ठेवावी. शेजारच्याच दारातून हवा ओढली गेली तर खोलीचा मागचा भाग तसाच कोंदट राहतो. उभा पंखा एकाच्या तोंडावरून दुसऱ्याच्या तोंडावर वारा नेईल असा ठेवू नये. काउंटरवरची पारदर्शक काच समोरचे थेंब अडवते, पण कचेरीभर अशा काचा उभ्या केल्या की हवेचे कोपरे तुंबतात.

कार्बन डायऑक्साइडचा मीटर हा स्वस्तातला पहारेकरी. बाहेरच्या हवेत हा वायू सुमारे ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो, उच्छ्वासात सुमारे ४०,०००. माणसे बसलेली असताना आकडा ८०० च्या आत असावा. १,५०० झाला, तर आत घेतलेल्या हवेतला जवळपास ३ टक्के भाग आधी कोणाच्या तरी फुप्फुसातून फिरून आलेला असतो. मीटर बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर, खिडकीपासून लांब ठेवावा. प्युरिफायर कण गाळतो, वायू नाही. म्हणून तो चालू असताना आकडा चढा दिसला तरी हवा तितकी वाईट नसते. उलट गॅसची शेगडी जवळ असेल, तर आकड्याला अर्थच राहत नाही.

पाळ्या, बस, कॅन्टीन

कामगारांचे ठरावीक गट करून ते मिसळू द्यायचे नाहीत, आणि दोन पाळ्यांत अर्ध्या तासाची फट ठेवायची. हा नियम यंत्राजवळ सहसा पाळला जातो. तो मोडतो कॅन्टीनमध्ये, कपडे बदलायच्या खोलीत आणि बसमध्ये, कारण तिथे मास्क उतरतो नाहीतर खिडक्या बंद असतात.

मास्क

एन९५ प्रकारचा मास्क कठीण चाचणीत किमान ९५ टक्के कण अडवतो, तोही कडा चेहऱ्याला चिकटल्या तरच. वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंचावर, खालचा कानांखालून मानेवर. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवायची आणि जोरात श्वास सोडून पाहायचा. चष्म्यावर वाफ धरली तर वरून गळती आहे. दाढीवर मास्क बसत नाही. झडप असलेला मास्क घालणाऱ्याला जपतो, पण त्याचा उच्छ्वास न गाळता बाहेर सोडतो.

जंतुनाशके

पृष्ठभागांसाठी ०.१ टक्का हायपोक्लोराइट (ब्लीचमधले क्लोरीनयुक्त जंतुनाशक) पुरते: ५ टक्क्यांच्या ब्लीचचे २० मिलि आणि ९८० मिलि पाणी. रक्त किंवा उलटी सांडली असेल तर ०.५ टक्का, म्हणजे १०० मिलि ब्लीचला ९०० मिलि पाणी. आधी साबणाने घाण काढावी, कारण घाणीतच क्लोरीन खर्ची पडते. मग द्रावण लावून ठरलेला वेळ ओले राहू द्यावे. लगेच कोरडे पुसले तर मेहनत वाया. द्रावण रोज नवे करावे. संडास साफ करायच्या ॲसिडात ब्लीच मिसळले की क्लोरीन वायू निघतो, अमोनियात मिसळले की क्लोरामाइन; दोन्ही घातक. माणसांवर जंतुनाशक फवारणे जागतिक आरोग्य संघटनेने कोविडच्या काळात साफ नाकारले होते.

बंद जागा पुन्हा उघडताना

आठवडेच्या आठवडे बंद राहिलेल्या इमारतीच्या नळांत पाणी साचून लेजिओनेला जिवाणू वाढतात, आणि पाण्याच्या तुषारांतून ते फुप्फुसांत जाऊन न्यूमोनिया होतो. कामगार येण्याआधी प्रत्येक गरम आणि थंड नळ, शॉवर धरून, साचलेले पाणी निघून जाईपर्यंत वाहू द्यावा. हे करणाऱ्याने शॉवरची झारी काढून किंवा फडक्यात गुंडाळून पाणी सोडावे, म्हणजे तुषार उडत नाहीत.