आवळा

आवळा हा भारतीय उपखंडात आणि आग्नेय आशियात आढळणारा मध्यम उंचीचा पानझडी वृक्ष. त्याच्या फळालाही आवळाच म्हणतात. संस्कृतात आमलकी, धात्री, वयःस्था, हिंदीत आँवला, तमिळमध्ये नेल्लिक्काय ही त्याची इतर नावे. शास्त्रीय नाव फिलँथस एम्ब्लिका. जुन्या पुस्तकांत तो एम्ब्लिका ऑफिसिनॅलिस या नावाने सापडतो. पूर्वी त्याची गणना एरंड कुलात होई, आता फिलँथेसी या वेगळ्या कुलात होते. केस आणि पोट या दोन्हींच्या घरगुती औषधांत आवळ्याइतका वावर क्वचितच दुसऱ्या एखाद्या फळाचा असेल. न्हाणीघरातल्या शिकेकाईच्या डब्यात तो असतो आणि जेवणानंतरच्या सुपारीच्या डबीतही. या दोन्ही उपयोगांचे मूळ बऱ्याच अंशी त्याच्या तुरटपणात आहे. क जीवनसत्त्वाचे कौतुक सर्वत्र होते, पण आवळा समजून घ्यायचा तर तुरट रसापासून सुरुवात करावी लागते.

झाड आणि फळ

आवळ्याची पाने बारीक असतात आणि नाजूक डहाळीवर दोन्ही बाजूंनी दाटीने बसलेली असतात, त्यामुळे लांबून चिंचेच्या पाल्याचा भास होतो. फुले हिरवट पिवळी, लहान, वसंतात येतात. फलधारणा तेव्हाच होते, पण फळ वाढायला लागत नाही. गर्भ संपूर्ण उन्हाळा निद्रिस्त राहतो आणि पावसाळ्यात जागा होऊन वाढू लागतो. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये मोहरलेल्या झाडाचे आवळे हाती यायला कार्तिक-मार्गशीर्ष उजाडतो. फळ गोल, फिकट हिरवे, वरून सहा अस्पष्ट रेषांनी विभागलेले असते. आत सहा कडांची कठीण आठळी आणि तीत साधारण सहा बिया असतात. रानातला आवळा बोराएवढा किंवा त्याहून थोडा मोठा असतो. बागायती आवळा त्याच्या कित्येक पट मोठा होतो. बनारसी, चकैया, फ्रान्सिस हे जुने बागायती वाण. उत्तर प्रदेशातील फैजाबादच्या (आताचे अयोध्या) नरेंद्र देव कृषी विद्यापीठाने कांचन, कृष्णा आणि एनए-७ यांसारखे वाण दिले. त्याच राज्यातला प्रतापगड जिल्हा आवळ्याच्या बागांसाठी ओळखला जातो. लोणच्यासाठी मोठा बागायती आवळा सोयीचा पडतो. मात्र औषधाचे जाणकार वैद्य आजही रानआवळ्याला झुकते माप देतात, कारण त्याचा तुरटपणा जास्त तीव्र असतो.

महाराष्ट्रात सह्याद्रीच्या पानझडी जंगलांत, मेळघाटात आणि गडचिरोली-चंद्रपूरकडच्या रानांत आवळा आपोआप उगवतो. गौण वनोपज म्हणून तिथली आदिवासी कुटुंबे तो गोळा करतात. वानरे फांद्या हलवून फळे पाडतात, चितळ ती झाडाखाली खातात आणि रवंथ करताना आठळ्या टाकून देतात. झाडाचा प्रसार या मार्गाने होतो. फळे लवकर मिळावीत म्हणून फांद्याच तोडण्याची पद्धत जिथे पडली आहे, तिथे पुढच्या काही वर्षांच्या पिकावर घाला बसतो. फळे वेचताना थोडी झाडावर आणि थोडी झाडाखाली सोडणे हा सौजन्याचा भाग नव्हे, रान टिकवण्याची ती गरज आहे.

ग्रंथांतील आवळा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वयःस्थापन करणाऱ्या, म्हणजे तारुण्य टिकवणाऱ्या, द्रव्यांत आवळा श्रेष्ठ म्हटला आहे. चिकित्सास्थानाचा पहिलाच अध्याय रसायनांचा, म्हणजे शरीराचे बळ टिकवणाऱ्या औषधांचा, आहे आणि त्यात हिरडा व आवळा यांना मानाचे स्थान आहे. च्यवनप्राशाचा पाठही तिथेच येतो. त्यात ५०० आवळे घ्यायला सांगितले आहे. आज बाजारात या नावाने मिळणाऱ्या अवलेहांत (चाटणांत) साखरेचे प्रमाण किती आणि आवळ्याचे किती, हे डब्यावर वाचून घेण्यासारखे असते. भावप्रकाश निघंटू हा औषधींचा कोश आवळ्याचे गुण हिरड्यासारखेच सांगतो आणि रक्तपित्त (रक्तस्रावाचे विकार) व प्रमेह (मूत्राचे विकार, मधुमेहासह) यांवर तो विशेष उपयोगी मानतो. आयुर्वेदाच्या मते खारट वगळता पाचही रस आवळ्यात आहेत. त्यात आंबट मुख्य आहे, पण वीर्य (शरीरावरचा प्रभाव) थंड आणि विपाक (पचनानंतरचा रस) मधुर. आंबट फळे पित्त वाढवतात असा सामान्य नियम असूनही आवळा पित्तशामक मानला जातो, तो या मांडणीमुळे. आवळा खाऊन पाणी प्यायले की तोंड गोड होते, हा अनुभव मात्र कोणीही घेऊ शकतो.

ग्रंथांबाहेरही आवळा पुष्कळ फिरला आहे. आयुष्याच्या अखेरीस सम्राट अशोकाकडे दान द्यायला अर्धा आवळाच उरला होता आणि तोही त्याने भिक्षुसंघाला दिला, अशी कथा बौद्ध साहित्यात येते. नागर शैलीच्या देवळांच्या शिखरावर कलशाखाली जी कंगोऱ्यांची दगडी चकती बसवतात, तिला आमलक म्हणतात. मराठीत ‘आवळा देऊन कोहळा काढणे’ हा वाक्प्रचार तर रोजच्या बोलण्यातला. कार्तिक शुद्ध नवमीला, म्हणजे आवळी नवमीला, आवळीच्या झाडाखाली जेवण्याची प्रथा आहे. तुळशीच्या लग्नात ऊस, चिंचा आणि बोरांबरोबर आवळे ठेवतात. त्याआधी आवळा खाऊ नये असे जुन्या घरांत सांगत. फळ पुरते भरण्याचा काळ आणि हा सण जवळपास एकत्र येतात, हे लक्षात घेतले तर त्या नियमातली व्यवहारदृष्टी दिसते.

तुरटपणाचे रसायन

आवळ्यात टॅनिन वर्गातील संयुगे आणि त्यांच्याशी नाते असलेली गॅलिक व एलॅजिक आम्ले भरपूर असतात. टॅनिन प्रथिनांना धरून ठेवतात. लाळेतली प्रथिने अशी धरली गेली की जीभ आखडल्यासारखी वाटते, त्या संवेदनेला आपण तुरट म्हणतो. टॅनिनचा दुसरा गुण लोहाशी संबंधित आहे. लोहाचे क्षार मिळताच ते निळसर काळा रंग देतात. हिरडा आणि हिराकस (लोहाचा एक क्षार) एकत्र करून कापड काळे रंगवण्याची जुनी कृती याच अभिक्रियेवर चालते. आवळा लोखंडी सुरीने चिरला की पाते आणि फोड दोन्ही काळवंडतात. म्हणून घरगुती परंपरेत एक विभागणी आपसूक झाली : केसांसाठी आवळा लोखंडी कढईत, खाण्यासाठी चिनी मातीच्या बरणीत. लोखंडाच्या भांड्यात शिजलेला आवळा अपायकारक नसतो, पण काळा पडलेला मोरावळा पानात वाढायला कोणाला आवडत नाही.

क जीवनसत्त्वाचे आकडे सांगताना जरा जपून राहावे. भारतीय खाद्यघटकांच्या जुन्या कोष्टकांत १०० ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम हा आकडा असे आणि तोच सर्वत्र फिरतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकात हे प्रमाण २५० मिलिग्रॅमच्या आसपास आहे. मोजण्याच्या पद्धती बदलल्या आणि वाण, पिकण्याची अवस्था यांनुसारही फरक पडतो. कमी आकडा घेतला तरी आवळा संत्र्याच्या कितीतरी पुढे राहतो, तेव्हा फुगवलेल्या आकड्याची त्याला गरजच नाही.

केसांसाठी

आयुर्वेदात केसांना हितकारक द्रव्याला केश्य म्हणतात आणि आवळा, माका, ब्राह्मी, जास्वंद ही त्यातली घरोघरी माहीत असलेली नावे. वाळवलेल्या आवळ्याच्या फोडींना काष्ठौषधींच्या दुकानात आवळकाठी म्हणतात. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, गवला कचरा, थोडी मेथी असे साहित्य उन्हात खडखडीत वाळवून दळून आणायचे आणि वर्षभर डब्यात भरून ठेवायचे, ही महाराष्ट्रातल्या अनेक घरांची पद्धत होती. या मिश्रणात मळ काढण्याचे काम शिकेकाई आणि रिठ्यातील सॅपोनिन या फेस आणणाऱ्या द्रव्यांचे, सुगंधाचे काम नागरमोथा आणि कचऱ्याचे. आवळा आपल्या आम्लतेने केसाच्या पृष्ठभागावरची खवले मिटवतो, त्यामुळे केस कमी गुंततात आणि चमकतात. शिकेकाईचे पाणी डोळ्यांत गेले की झोंबते, हा तिचा एकच मोठा दोष, आणि लहानपणी तो सोसला नाही असा माणूस विरळा.

केस काळे करण्यासाठी आवळ्याची पूड लोखंडी कढईत पाण्यात कालवून रात्रभर ठेवतात. सकाळपर्यंत लगदा काळाभोर होतो. मेंदीत तो मिसळला तर मेंदीचा तांबूस रंग गडद तपकिरीकडे झुकतो. इथे रंग केसावर चढतो, केसाच्या मुळात नवा रंग तयार होत नाही. पांढरे झालेले केस आवळा खाऊन किंवा लावून मुळापासून पुन्हा काळे होतात याला भक्कम पुरावा नाही. केस वाढण्याबाबत पेशींवर आणि प्राण्यांवर प्रयोग झाले आहेत, पण माणसांवरचे चांगले अभ्यास फार थोडे आहेत.

आवळ्याच्या तेलाचा विचार वेगळा करावा लागतो. शास्त्रोक्त तैलपाकात साधारणपणे कल्क (औषधाचा वाटलेला लगदा) १ भाग, तेल ४ भाग आणि काढा किंवा रस १६ भाग घेऊन पाणी आटेपर्यंत मंद आचेवर शिजवतात. कल्काची बोटांत वात वळता आली, ती विस्तवावर टाकल्यावर तडतडली नाही आणि तेलावर फेस आला की पाक झाला असे समजतात. तूप सिद्ध करताना खूण उलटी असते, तिथे फेस बसतो. ही सगळी कृती मन लावून केली तरी एक गोष्ट उरतेच : टॅनिन आणि क जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे आहेत, तेलात ते फारसे उतरत नाहीत. त्यामुळे आवळा तेलाच्या गुणांत तेलाचा स्वतःचा वाटा मोठा असतो. २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल तेलाने केसांतून होणारी प्रथिनांची गळती कमी झाली. सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांना ते जमले नाही. बाजारातल्या अनेक आवळा तेलांत मुख्य घटक खनिज तेलच असतो. बाटलीच्या पुढच्या चित्रापेक्षा मागची घटकांची यादी जास्त खरे सांगते. केसांना आवळ्याचाच गुण हवा असेल तर लेप किंवा काढा हा अधिक सरळ मार्ग.

पोटासाठी

हिरडा, बेहडा आणि आवळा यांचे समभाग चूर्ण म्हणजे त्रिफळा. रात्री झोपताना कोमट पाण्याबरोबर ते घेण्याची रीत बद्धकोष्ठावरचा उपाय म्हणून भारतभर रुजली आहे. त्यातले सारक काम मुख्यत्वे हिरड्याचे मानतात, आवळा मिश्रणाला सौम्य आणि थंड करतो. नुसत्या आवळ्याच्या चूर्णाची मात्रा भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात ३ ते ६ ग्रॅम दिली आहे.

आम्लपित्तावर आवळा देतात. आंबट फळ आंबट ढेकरांवर कसे चालते, हा प्रश्न साहजिक आहे आणि त्याचा पुरता उलगडा झालेला नाही. इराणमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित चाचणीत अन्ननलिकेत जखम नसलेल्या, पण छातीत जळजळ आणि आंबट पाणी वर येण्याचा त्रास असलेल्या ६८ रुग्णांचा समावेश होता. चार आठवडे आवळ्याच्या गोळ्या घेतलेल्या गटात हा त्रास दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाला. अभ्यास लहान आहे, तरी वैद्यांच्या जुन्या अनुभवाला त्याने दुजोरा दिला. मात्र ज्यांच्या जठरात व्रण आहे त्यांनी रिकाम्या पोटी कच्च्या आवळ्याचा रस घेण्याचा हट्ट धरू नये.

स्वयंपाकघरात पोटासाठी आवळा दोन रूपांत टिकला. पहिले रूप मोरावळ्याचे : मोठे आवळे काट्याने टोचून तुरटीच्या पाण्यात ठेवतात, धुऊन वाफवतात आणि साखरेच्या पाकात मुरवतात, वर वेलदोडा आणि केशर. सकाळी एक मोरावळा खाण्याची जुनी सवय पित्तप्रकृतीच्या माणसांसाठी असे. त्यातली साखर लक्षात घेता मधुमेहींनी त्याला औषध समजू नये. दुसरे रूप आवळासुपारीचे. किसलेल्या किंवा उकडलेल्या आवळ्याला आल्याचा रस, सैंधव, पादेलोण, जिरे, ओवा आणि चिमूटभर हिंग चोळून कडक उन्हात वाळवतात. जेवणानंतर ती तोंडात धरली की तुरट-आंबट चवीने लाळ सुटते आणि ओवा-हिंगाने पोटातला वारा सरतो. तंबाखू आणि खऱ्या सुपारीची सवय सोडू पाहणाऱ्यांना ती देण्याचा प्रघात सर्वांत चांगला.

लोहाच्या बाबतीत आवळ्याचे वागणे दुहेरी आहे. क जीवनसत्त्व अन्नातल्या लोहाचे शोषण वाढवते, टॅनिन ते अडवते. निव्वळ आवळ्यावर विसंबून पांडुरोगाचा (रक्तक्षयाचा) उपचार करणे म्हणूनच चुकीचे. रक्त पातळ करणारी किंवा साखर कमी करणारी औषधे चालू असतील, मूतखड्याचा त्रास असेल, तर आवळ्याचा अर्क रोज मोठ्या मात्रेत घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. जेवणातल्या एखाद्या आवळ्याला ही भीती लागू नाही.

नावातील सारखेपणा

राय आवळा हे फिलँथस याच प्रजातीतील वेगळे झाड. त्याची कंगोरेदार पिवळट फळे मीठ-तिखट लावून खातात, त्रिफळ्यात ती चालत नाहीत. भुईआवळा ही पावसाळ्यात शेताच्या बांधावर उगवणारी वीतभर उंचीची वनस्पती आहे. पानांच्या खाली ओळीने मोहरीपेक्षा थोडी मोठी फळे लागतात, कावीळ आणि यकृताच्या तक्रारींवर ही वनस्पती लोकवैद्यकात वापरतात. काष्ठौषधींच्या दुकानात नुसते ‘आवळा’ न म्हणता आवळकाठी मागावी. फोडी तपकिरी काळ्या, सुरकुतलेल्या, चवीला आधी आंबट-तुरट आणि मग गोडसर असाव्यात. पुडीत फोडींपेक्षा आठळ्याच जास्त निघाल्या किंवा बुरशीचा वास आला तर ती परत करावी.