ग्लॅडियस जाऊन स्पाथा का आली?

चित्रांतला रोमन सैनिक आपल्या ओळखीचा असतो: चौकोनी, बाक दिलेली ढाल आणि कमरेला ग्लॅडियस ही आखूड तलवार. इ.स. 300 नंतरच्या सैनिकाकडे मात्र लंबगोल किंवा गोल ढाल, स्पाथा ही लांब तलवार आणि भाला दिसतो. या बदलाला रोमच्या ऱ्हासाची खूण म्हणायची जुनी सवय आहे. मला ते मुळीच पटत नाही.

ग्लॅडियसचं पातं साधारण 50-55 सेंटिमीटरचं. आधी पिलम हा जड फेकभाला मारायचा, मग ढालीआडून अंगाला भिडून भोसकायचं. समोर पायदळ दाटीने उभं असेल तर हे उत्तम. पण तिसऱ्या शतकात पूर्वेला इराणच्या सासानी साम्राज्याचं घोडदळ उभं राहिलं, डॅन्यूब नदी ओलांडून गॉथ टोळ्या येऊ लागल्या. 251 मध्ये सम्राट डेशियस गॉथांशी लढताना पडला. 260 मध्ये सम्राट व्हॅलेरियनला सासानी राजा शापूरने जिवंत पकडलं. अंगावर येणारा घोडा थोपवायचा तर हातातून न सुटणारा भाला आणि लांब पल्ल्याची तलवारच हवी.

ही हत्यारं काही परकी नव्हती. स्पाथा घोडदळाकडे आणि लंबगोल ढाल साहाय्यक तुकड्यांकडे, म्हणजे बहुतेक बिगर-नागरिक सैनिकांकडे, आधीपासून होतीच. 212 मध्ये सम्राट कॅराकॅलाने साम्राज्यातल्या जवळपास सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिलं आणि लीजनचा, म्हणजे मुख्य पायदळ पलटणीचा, नागरिक सैनिक व साहाय्यक सैनिक यांच्यातली जुनी भिंतच पडली.

सीरियातलं ड्युरा-युरोपोस सासानींनी 256 च्या सुमारास जिंकलं. तिथे दोन्ही प्रकारच्या ढाली सापडल्या. चौकोनी ढाल पातळ लाकडी पट्ट्यांचे तीन थर उभे-आडवे चिकटवून, बाक देऊन केलेली, आजच्या प्लायवुडसारखी. वर गरुड आणि सिंह रंगवलेले. लंबगोल ढाली मात्र फळ्या कडेला कड चिकटवून केलेल्या. तशी ढाल करायला वेळ कमी लागत असणार. पुढे सम्राट डायोक्लेशियनच्या काळापासून सरकारी कारखान्यांतून शस्त्रं बनू लागली, तेव्हा हा सोपेपणा नक्कीच मोलाचा ठरला असेल.

पिलमची जागा पुढे बऱ्याच अंशी शिशाचं वजन लावलेल्या छोट्या बाणांनी, म्हणजे प्लुम्बाटांनी घेतली. ते हाताने फेकायचे. उत्तरकालीन रोमन लष्करी लेखक व्हेजिशियस लिहितो की सैनिक असे पाच बाण ढालीच्या आतल्या बाजूला ठेवत. म्हणजे तलवारीला हात घालण्याआधी प्रत्येक जण पाचदा मारा करू शकत होता.