बेसिकात किती घातले? गोव्यातल्या सेटलमेंटची पार्श्वभूमी

आमच्या डिचोलीच्या घरात लोखंडी कपाटात, पासबुकांच्या खाली, बाबांच्या कारखान्याच्या चार सेटलमेंट, म्हणजे युनियन आणि व्यवस्थापनातले पगारवाढीचे करार, ठेवलेल्या आहेत. कोपऱ्यात स्टेपल मारलेल्या, झेरॉक्सवरून झेरॉक्स काढून फिकट झालेल्या आणि अथपासून इतिपर्यंत इंग्रजीत. गेट मीटिंगमध्ये त्यांचा अर्थ कोकणी-मराठीत सांगितला जायचा. साडेतीन हजारांची वाढ झाली म्हणून टाळ्या पडायच्या. बाबा टाळ्या वाजवून घरी यायचे आणि आकडेमोड करत बसायचे. मूळ वेतनाबद्दलचा त्यांचा प्रश्न ठरलेला: "बेसिकात किती घातले?"

प्रत्येक सेटलमेंटच्या सुरुवातीला एक छोटा परिच्छेद असतो. युनियनने मागणीपत्र कधी दिलं, किती बैठका झाल्या, शेवटी काय ठरलं. तिथे इतिहास सात-आठ ओळींत आटोपतो. खरा इतिहास पुढच्या कलमांत आहे, आणि तो बराच जुना आहे.

पोर्तुगिजांच्या काळात असा करार होणं शक्यच नव्हतं. सालाझारच्या राजवटीने १९३३ च्या श्रम-संहितेत संप बेकायदा ठरवला होता. संघटना हवी तर सरकारच्या छत्राखालची. दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्यातलं लोहखनिज जपानला जाऊ लागलं. खाणी, मांडवी-झुवारीतल्या बार्जेस आणि मुरगाव बंदर मिळून पगारावर जगणारा मोठा वर्ग उभा राहिला. त्याच्याकडे सौदा करण्याचं कायदेशीर हत्यार मात्र काहीच नव्हतं. ते १९६१ च्या मुक्तीनंतर आलं. १९६२ च्या रेग्युलेशनने भारतातले ढीगभर कायदे गोवा, दमण आणि दीवला लागू झाले, त्यात १९४७ चा औद्योगिक विवाद कायदाही होता. पुढे १९६५ च्या कायद्याने औद्योगिक विकास महामंडळाची सोय झाली, एकामागून एक औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, सांकवाळला खताचा कारखाना आला. युनियन गेटवर पोचली ती या काळात.

इथे गोवा आणि महाराष्ट्र यांच्यातला एक फरक लक्षात घ्यायला हवा. बांदा-सावंतवाडीहून रोज गोव्यात कामाला येणाऱ्यांना तो सहसा कुणी सांगत नाही. महाराष्ट्राने १९७१ मध्ये कायदा करून मान्यताप्राप्त युनियन ठरवण्याची पद्धत घालून दिली. गोव्यात तसा कायदा झाला नाही. कारखान्यात दोन युनियन असल्या तर व्यवस्थापनाने कुणाशी बोलायचं, याचं उत्तर १९४७ च्या कायद्यात नव्हतं. व्यवहाराने मात्र ते शोधलं. व्यवस्थापन आणि युनियनने आपसात सही केली तर तो करार त्या कायद्याच्या कलम १८(१) खाली फक्त सही करणाऱ्यांना बांधायचा. तोच करार समेट अधिकाऱ्यासमोर, कलम १२(३) खाली झाला, तर १८(३) मुळे कारखान्यातल्या सगळ्या कामगारांना लागू व्हायचा. दुसऱ्या युनियनवाल्यांना, कुठल्याच युनियनमध्ये नसलेल्यांना आणि उद्या भरती होणाऱ्यालाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये रामनगर केन अँड शुगरच्या खटल्यात हे पक्कं केलं. म्हणून गेटवर ठरलेला करारसुद्धा सहीसाठी पणजीला, पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात नेला जातो. मजूर आयुक्तांच्या कचेरीतल्या त्या सहीला काही लोक नुसता शिष्टाचार समजतात. माझ्या मते अख्ख्या कराराची ताकद तिथेच आहे.

मुदत बहुधा तीन वर्षांची, कुठे चारची. मुदत संपली म्हणून पगार खाली येत नाही. रीतसर नोटीस देऊन दोन महिने होईपर्यंत जुना करार चालूच राहतो. त्यामुळे बोलणी लांबवणं मालकाला परवडतं, आणि युनियन 'मागच्या तारखेपासून' या शब्दांवर अडून बसते. मग थकबाकी एकरकमी हातात येते आणि त्या महिन्यात डिचोलीच्या बाजारात फ्रिज विकले जातात.

आता बाबांच्या प्रश्नाकडे. बेसिक एवढं बारीक आणि भत्ते एवढे का? एचआरए (घरभाडं), कन्व्हेयन्स, एज्युकेशन, वॉशिंग, शिफ्ट अलाउन्स, एलटीए (सुट्टीतला प्रवास). पगाराची स्लिप बघितली तर उभी यादीच. कारण हिशेबात आहे. बेसिकात शंभर रुपये घातले की मालकाला त्यावर बारा टक्के पीएफ भरावा लागतो. ग्रॅच्युइटी दर वर्षाच्या नोकरीला पंधरा दिवसांच्या पगाराइतकी, महिना सव्वीस दिवसांचा धरून; म्हणजे दर शंभराला आणखी जवळपास पाच रुपये. रजेचे पैसेही त्याच पायावर. भत्त्यात घातलेले शंभर बहुतेक वेळा तिथेच संपतात. तेव्हा व्यवस्थापन म्हणतं, रक्कम घ्या, पण कुठे घालायची ते आम्ही ठरवू. युनियनच्या कमिटीलाही टेक-होम मोठा दाखवायचा असतो. दोघांचं जुळतं, आणि नुकसान कळतं ते निवृत्तीच्या दिवशी. सगळ्यांना सरसकट मिळणारे भत्ते पीएफसाठी मूळ वेतनातच धरायचे, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सांगितलं तेव्हा अनेक एचआर कचेऱ्यांत धावपळ झाली होती.

महागाई भत्त्याची गोष्ट आणखी मजेची. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचं माप ठरवलं: कुटुंबात तीन खाणारे, वर्षाला बहात्तर वार कापड, घरभाडं, आणि सरपण-दिवाबत्तीला एकूण वेतनाच्या वीस टक्के. भाव वाढले की हे माप कोसळू नये म्हणून व्हीडीए, म्हणजे बदलता महागाई भत्ता, ग्राहक किंमत निर्देशांकाला जोडला गेला. सत्तरच्या दशकातल्या करारांत भाषा असायची, १९६० हे पायावर्ष धरलेल्या मालिकेत निर्देशांकाच्या दर पॉइंटला अमुक पैसे. मग मालिका बदलत गेल्या. १९८२ ची आली, तिचा जोडगुणक (नवा आकडा मागच्या मालिकेत नेण्यासाठी ज्याने गुणायचं तो) ४.९३, २००१ ची, ४.६३, २०१६ ची, २.८८. तिन्ही गुणले की साधारण ६६ येतात. म्हणजे आज निर्देशांक एकाने वर गेला की जुन्या करारात ६६ पॉइंट चढतात. पॉइंटमागे काही पैशांचा दर कागदावर किरकोळ दिसायचा, तो असा फुगला. म्हणूनच नव्या सेटलमेंटमध्ये व्यवस्थापन 'फिक्स्ड डीए', म्हणजे निर्देशांकाबरोबर न वाढणारा महागाई भत्ता, मागतं आणि जुनी खोडं त्याला हात लावू देत नाहीत. तरुण कामगारांना या भांडणाचा कंटाळा येतो. त्यांनी एकदा कॅल्क्युलेटर घेऊन बसावं.

मेडिक्लेमचं कलमही असंच एका आकड्यातून जन्मलं. ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विम्याची पगार-मर्यादा जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० रुपये आहे. चांगली सेटलमेंट झाली की कामगार ती ओलांडतो आणि मडगावच्या ईएसआय हॉस्पिटलचं दार त्याच्यासाठी बंद होतं. म्हणून वाढीबरोबरच घरच्यांसह मेडिक्लेमची मागणी येते. वैधानिक बोनसलाही २१,००० चीच मर्यादा. त्यावरच्यांना एक्स ग्रेशिया, म्हणजे मालकाने आपणहून दिलेली रक्कम, मिळतं, आणि ते चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी पाहिजे, हे कलमात न लिहिताही सगळ्यांना कळतं.

बंदराची वाट वेगळी. मुरगावचा पगार मुरगावात ठरत नाही. सगळ्या मोठ्या बंदरांच्या कामगार-महासंघांशी एकच करार होतो. मागचा २७ ऑगस्ट २०२४ ला, ठरलेल्या संपाच्या आदल्या दिवशी झाला: साडेआठ टक्के फिटमेंट (नव्या वेतनश्रेणीत बसवताना मिळणारी वाढ), १ जानेवारी २०२२ पासून पाच वर्षांसाठी. खाणींचं तर बोलायलाच नको. २०१२ ला बंद, मग थोड्या सुरू, मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद, २०२४ पासून परत थोड्या सुरू. काम नसलेल्या खाणीत वाढ कसली मागणार?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी केंद्राच्या चारही श्रमसंहिता लागू झाल्या आणि बाबांचा प्रश्न कायद्यातच आला. एचआरए, कन्व्हेयन्ससारखे वगळलेले घटक एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग आता 'वेतना'त मिळवायचा. समजा एकूण ३०,००० आणि बेसिक-डीए मिळून ११,०००, बाकीचे १९,००० वगळलेले. निम्मे म्हणजे १५,०००. वरचे ४,००० वेतनात आले. वीस वर्षांची ग्रॅच्युइटी ११,००० वर सुमारे १,२७,००० होते, १५,००० वर सुमारे १,७३,०००. म्हणून पुढच्या मागणीपत्रात भत्त्यांची फेरमांडणी हा पहिला मुद्दा असेल, असं मला वाटतं.

मान्यतेचा जुना घोळही संहितेने सोडवायला घेतला आहे. हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी बोलणी करेल; तेवढा कुणालाच नसेल तर वाटाघाटी परिषद बसेल. पण हजेरीपटावर आहे कोण? बाबांच्या पहिल्या सेटलमेंटला जोडलेल्या यादीत पाच पानं भरून नावं होती. चौथ्या सेटलमेंटची यादी दीड पानात संपते. मशिनी तेवढ्याच आहेत. बाकीची माणसं कॉन्ट्रॅक्टरच्या मस्टरवर सही करतात.