आरोग्य केंद्रातला ‘गुणवत्ता गट’ आला कुठून?

सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘एनक्वास’ची, म्हणजे राष्ट्रीय गुणवत्ता मानकांच्या प्रमाणपत्राची, तयारी सुरू झाली, की वैद्यकीय अधिकारी, आरोग्य सेविका, औषध निर्माण अधिकारी, शिपाई असा सगळ्यांचा ‘गुणवत्ता गट’ बसून केंद्रातल्या उणिवा काढतो. हे तसं अलीकडचं. गट मात्र कागदावर १९४६ पासून आहे. देशाच्या आरोग्य सेवेची आखणी करणाऱ्या भोर समितीने ४० हजार लोकसंख्येमागे एक केंद्र सुचवलं, तेव्हाच त्यात डॉक्टर, परिचारिका, सुईणी, स्वच्छता निरीक्षक असा ताफा धरला होता. १९५२ पासून केंद्रं उभी राहू लागली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि कारभार त्यांच्याकडे गेला.

पण ताफा एकत्र नव्हता. हिवतापाचा कर्मचारी वेगळा, देवीच्या लसीचा वेगळा, कुटुंब नियोजनाचा तिसराच. एकाच उंबऱ्यावर तिघे पाळीपाळीने जात; वह्या निराळ्या, साहेबही निराळे. १९७३ मध्ये कर्तार सिंग समितीने या सगळ्यांचे मिळून बहुउद्देशीय कर्मचारी करा, अशी शिफारस केली. आजची आरोग्य सेवक-सेविका ही जोडी त्यातली. माझ्या मते पुढच्या सगळ्या मानकांपेक्षा हा बदल मोठा.

तरी दोष काढायचा तो तपासणीला आलेल्या साहेबानेच, हा रिवाज टिकला. काम करणाऱ्यानेच दोष शोधावा, हा विचार कारखान्यातला. जपानमध्ये १९६२ पासून गुणवत्ता तज्ज्ञ काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने कामगारांची गुणवत्ता मंडळं सुरू झाली. गिरण्यांच्या सोलापूरला याचं नवल वाटू नये. तुटलेला धागा मुकादमाच्या आधी मागावरच्या माणसाला दिसतो.

२००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने आशाताई आणि रुग्ण कल्याण समिती दिली, २०१५ च्या ‘कायाकल्प’ योजनेने स्वच्छतेचे गुण. एनक्वासची मानकं २०१३ मध्ये आधी जिल्हा रुग्णालयांसाठी आली, मग प्राथमिक केंद्रांसाठी. त्यांचे विभाग आठ, प्रमाणपत्राला किमान ७० टक्के गुण. बाहेरच्या पथकाआधी केंद्राने स्वतःलाच तपासायचं, उणीव भरायची, पुन्हा मोजायचं.

मिळून काम करणं इथल्या यंत्रणेला अनोळखी नाही. आषाढीत पालख्या नातेपुते-अकलूजकडून जिल्ह्यात शिरल्या, की पाण्याच्या शुद्धीकरणापासून वारकऱ्यांच्या पायाच्या मलमपट्टीपर्यंत सगळं एकमेकांच्या हाताला हात लावूनच होतं. एनक्वासला तेच रोजच्या ओपीडीत हवं आहे, आणि ते जास्त अवघड. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं. तेवढ्यात बदल्यांमध्ये सेविका किंवा डॉक्टर हलले, की नव्या माणसांबरोबर तपासणी यादी पहिल्या पानापासून वाचायला घ्यावी लागते.