लूप ऑटोमध्ये आहे, पण काम करतोय का? थोडी पार्श्वभूमी

कंट्रोल लूप, म्हणजे टेंपरेचर किंवा फ्लो मोजून व्हॉल्व्ह हलवत तो ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवायची साखळी, ऑटोमध्ये (माणसाच्या नाही, कंट्रोलरच्या हाती) आहे म्हणजे तो चांगलाच चाललाय असं धरून चालायची आपल्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या फिल्डमधली सवय फार जुनी आहे. १९३०-४०च्या दशकांत कंट्रोलर हवेवर चालायचे, शाईचं पेन गोल चार्टवर रेघ काढायचं आणि लूपची तब्येत कशी आहे ते एखादा मुरलेला माणूस ती रेघ बघून सांगायचा. १९४२ मध्ये झिग्लर आणि निकोल्सचे ट्यूनिंगचे, म्हणजे कंट्रोलरची सेटिंग कशी ठरवायची याचे, नियम आले, पण ते लूप बसवतानाचं झालं, तोच लूप दोन वर्षांनी व्हॉल्व्ह झिजल्यावर कसा चाललाय हे कोण बघणार? लूप शेकड्यांनी आणि इन्स्ट्रुमेंटवाले मोजकेच.

१९७५ साली हनीवेलचं टीडीसी २००० आणि योकोगावाचं सेंटम आलं, डीसीएसचा, म्हणजे अख्खा प्लँट कॉम्प्युटरवरून चालवायच्या सिस्टिमचा, जमाना सुरू झाला, मग ऐंशीच्या दशकात हिस्टोरियन, म्हणजे प्लँटचे आकडे साठवणारी सॉफ्टवेअर, आले आणि सेटपॉइंट (हवा तो आकडा), पीव्ही (मोजलेला आकडा), आउटपुट (व्हॉल्व्हला दिलेला हुकूम) सगळं डिस्कवर साठायला लागलं. साठत होतं, बस. प्लँट ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, की ट्रेंड (साठवलेल्या आकड्यांचा आलेख) उघडायचा, एरवी तिकडे कोण फिरकतंय.

खरी अडचण मोजपट्टीची होती. टेंपरेचर दोन डिग्री वरखाली होतंय, हे वाईट आहे की यापेक्षा चांगलं होऊच शकत नाही? १९८९ मध्ये कॅनडातल्या क्वीन्स युनिव्हर्सिटीच्या थॉमस हॅरिसने याचा मार्ग दाखवला. व्हॉल्व्ह हलवल्यावर परिणाम दिसेपर्यंत डेड टाइम जातो, तेवढ्या वेळातल्या गडबडीला कुठलाच कंट्रोलर काही करू शकत नाही, म्हणजे तेवढा व्हेरिअन्स (वरखाली होण्याचं माप) राहणारच. हा किमान व्हेरिअन्स रोजच्या चालू डेटावरूनच काढता येतो, फक्त डेड टाइम माहीत पाहिजे, मग प्रत्यक्षातला त्याच्या किती पट आहे ते बघायचं, हाच लूपचा इंडेक्स. मिनिमम व्हेरिअन्सची थिअरी स्वीडनचा कंट्रोल शास्त्रज्ञ ऑस्ट्रमने आधीच मांडली होती, पण प्लँटला धक्का न देता, स्टेप टेस्ट (आउटपुट मुद्दाम एकदम बदलून बघणं) न करता उत्तर मिळणं ही मोठी सोय झाली. अर्थात हा आकडा डोळे झाकून घ्यायचा नाही, बफर टँकची (पुढचा फ्लो शांत ठेवायला मध्ये बसवलेल्या टाकीची) लेव्हल मुद्दामच हलू देतात, तिथे इंडेक्स खराब आला म्हणून ट्यूनिंगला हात लावाल तर उलट खालचा फ्लो नाचायला लागेल.

१९९३ मध्ये बिआल्कोव्स्कीने पेपर मिल्सच्या ऑडिटमधून दाखवलं की बरेच लूप ऑटोमध्ये राहून व्हेरिएशन वाढवतच होते आणि दोष नुसता ट्यूनिंगचा नव्हता, व्हॉल्व्हचाही होता. १९९५ मध्ये स्वीडनच्या हेग्लुंडने झुलणारा लूप आपोआप पकडायची पद्धत दिली. स्टिक्शन, म्हणजे व्हॉल्व्ह चिकटून बसणं, तर ट्रेंडवर दिसतंच, फ्लो लूप घ्या: स्टेम (व्हॉल्व्हचा दांडा) पॅकिंगमध्ये अडकलेला, कंट्रोलरचा चूक साठवत जाणारा भाग, इंटिग्रल, आउटपुट हळूहळू चढवतोय, पीव्ही ढिम्म, आणि मग व्हॉल्व्ह एकदम उडी मारतो, लगेच उलटा खेळ सुरू. आउटपुट करवतीच्या दात्यांसारखं, पीव्ही चौकोनी. आपण काय करतो, गेन (कंट्रोलरचा जोर) कमी करतो, आणि झुलणं थांबत नाही, नुसतं संथ होतं!

हनीवेलच्या डेस्बरो आणि मिलर यांनी २००१ च्या सुमारास २६,००० पीआयडी (सगळ्यात सर्रास कंट्रोलर) लूपचा हिशोब मांडला तेव्हा उत्तम आणि ठीक मिळून जेमतेम ३२ टक्के निघाले, आणि ३६ टक्के ओपन लूप, म्हणजे कंट्रोल करतच नव्हते.

आणि जो डेटा वर्षानुवर्षं साठवला तोही धड नाही. डिस्क महाग होती म्हणून हिस्टोरियन कॉम्प्रेशन करायचे, रेघ साधारण सरळ जातेय तोवर मधले पॉइंट टाकून द्यायचे. महिन्याच्या रिपोर्टला चालतं ते, पण लूपचं बारीक झुलणं त्यात साफ पुसलं जातं आणि सॉफ्टवेअर म्हणतं लूप झकास आहे. ती सेटिंग बऱ्याच प्लँटमध्ये आजही तशीच आहे, त्यामुळे मॉनिटरिंग बसवताना पहिलं काम इंडेक्स काढायचं नसतं, त्या टॅगचं (हिस्टोरियनमधल्या त्या आकड्याच्या नोंदीचं) कॉम्प्रेशन बंद करून फास्ट लूपचा डेटा सेकंदासेकंदाला घ्यायचं असतं.